गव्हर्नरच्या दप्तरातील इतरांचा आवाज : झेब्युलन व्हॅन्स यांच्या कागदपत्रांचे स्वरूप आणि वाचन

प्रास्ताविक

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना या राज्याची राजधानी रॅले येथे आहे. तेथील राज्य अभिलेखागारात एकोणिसाव्या शतकातील गव्हर्नरांची कागदपत्रे त्यांच्या कारकीर्दीनुसार लावून ठेवलेली आहेत. त्यांपैकी झेब्युलन बेअर्ड व्हॅन्स (१८३०-१८९४) यांच्या नावे असलेला संग्रह यादवी युद्धाच्या अभ्यासकांना विशेष परिचित आहे. या संग्रहाकडे प्रदीर्घ काळ एका कर्तबगार 'युद्धकालीन गव्हर्नर'च्या चरित्राचे साधन म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात या कागदांपैकी फार मोठा भाग व्हॅन्स यांनी लिहिलेलाच नाही. तो त्यांना लिहिला गेलेला आहे. लिहिणाऱ्यांत सेनापती आणि मंत्री आहेत, तसेच शेतकरी, सैनिक, पळून गेलेले सैनिक, व्यापारी आणि मोठ्या संख्येने सैनिकांच्या बायका आहेत. गव्हर्नरचे नाव लावलेले हे दप्तर कोणाचा इतिहास सांगते, कोणाचा सांगत नाही, आणि त्याच्या मांडणीचा व मुद्रणाचा या सांगण्यावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी एका संज्ञेविषयी खुलासा आवश्यक आहे. 'गव्हर्नर' या शब्दासाठी मराठीत 'राज्यपाल' हा प्रतिशब्द रूढ असला तरी अमेरिकेच्या संदर्भात तो दिशाभूल करणारा आहे. भारतीय राज्यपाल राष्ट्रपतींकडून नियुक्त होतात. अमेरिकेतील गव्हर्नर थेट मतदारांकडून निवडला जातो व राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. कामाच्या दृष्टीने तो आपल्याकडील मुख्यमंत्र्यांना अधिक जवळचा आहे. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे. त्यातही नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरपदाचे अधिकार कागदावर तुटपुंजे होते. त्या काळी मुदत दोन वर्षांची होती आणि विधिमंडळाने संमत केलेले विधेयक नाकारण्याचा अधिकार या पदाला थेट १९९६ मध्ये मिळाला. असे असतानाही हजारो सामान्य माणसांना आपले गाऱ्हाणे नेमके याच पदाकडे न्यावेसे वाटले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

व्हॅन्स आणि त्यांचा काळ

१८६० च्या जनगणनेनुसार नॉर्थ कॅरोलायनाची लोकसंख्या ९,९२,६२२ होती. त्यांपैकी ३,३१,०५९ माणसे, म्हणजे दर तिघांमागे एक, गुलाम होती. शेजारच्या साउथ कॅरोलायनाच्या तुलनेत येथे मोठे मळेवाले कमी व लहान शेतकरी अधिक होते. पश्चिमेकडील डोंगराळ भागात तर गुलामांची संख्या फारच थोडी होती. व्हॅन्स याच डोंगराळ भागातील बन्कम काउंटीचे. पेशाने वकील, १८५८ पासून वॉशिंग्टन येथील प्रतिनिधिगृहाचे सदस्य. आरंभी ते संघराज्यातून फुटून निघण्याच्या विरोधात होते. एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेविरुद्ध ७५,००० सैनिकांची मागणी केली तेव्हा त्यांनी बाजू बदलली. २० मे १८६१ रोजी राज्य फुटून निघाले. व्हॅन्स यांनी सव्विसाव्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीचे नेतृत्व केले आणि ऑगस्ट १८६२ च्या निवडणुकीत ते वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गव्हर्नर झाले. ते स्वतः गुलामांचे मालक होते, हेही येथे नोंदवून ठेवावयास हवे. कारण पुढे त्यांच्याविषयी जे लोकनायकाचे चित्र रंगवले गेले त्यात ही बाब बहुधा पुसट केलेली आढळते.

त्यांनी सूत्रे हाती घेतली तो काळ कठीण होता. एप्रिल १८६२ मध्ये दक्षिणेच्या सरकारने, म्हणजे कॉन्फेडरसीने, सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. त्याची वयोमर्यादा प्रथम १८ ते ३५ होती, सप्टेंबरमध्ये ती ४५ पर्यंत नेण्यात आली. ऑक्टोबर १८६२ च्या दुरुस्तीने वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरील एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट दिली. मार्च १८६३ मध्ये सक्तीने माल ताब्यात घेण्याचा कायदा आला आणि एप्रिलमध्ये पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून घेण्याचा. साध्या सैनिकाचे वेतन महिना ११ डॉलर होते. चलनाची किंमत घसरत होती व धान्याचे भाव चढत होते. मीठ दुर्मीळ झाले होते, आणि मीठ नाही म्हणजे मांस टिकवता येत नाही. घरातला कर्ता पुरुष गेलेला, शेत पडीक, पिकले त्याचा हिस्सा सरकारजमा, आणि सूट मात्र गुलामांच्या मालकाला, अशी ही परिस्थिती होती. व्हॅन्स यांच्या आवक पत्रांचा पूर तिच्यातूनच वाहू लागला.

दप्तराची रचना

अभिलेखागारातील सामग्रीचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला गव्हर्नरकडे आलेल्या सुट्या कागदांचा : पत्रे, अर्ज, तारा, अहवाल, याद्या. हे कागद कालक्रमाने पेट्यांमध्ये लावलेले आहेत. दुसरा वर्ग नकलवह्यांचा. कार्यालयातून जाणाऱ्या पत्रांची आणि महत्त्वाच्या वाटलेल्या काही आवक पत्रांची स्वच्छ नक्कल कारकून या बांधीव वह्यांत उतरवून ठेवीत. याशिवाय व्हॅन्स यांचा खासगी पत्रव्यवहार स्वतंत्र संग्रहांत आहे. त्याचा काही भाग याच अभिलेखागारात, तर काही चॅपेल हिल येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

वरवर पाहता ही विभागणी केवळ सोयीची आहे. परंतु तिच्या पोटात एक निवड दडलेली आहे. नकलवहीत काय उतरवायचे हे कार्यालय ठरवीत होते. अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्याशी किंवा युद्धमंत्री जेम्स सेडन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वहीत जाणार हे उघड होते. एखाद्या खेड्यातील बाईने पेन्सिलीने, उच्चाराप्रमाणे शब्द लिहून पाठवलेला कागद मात्र सुट्या पेटीत राहणार. नकलवही म्हणजे कार्यालयाने स्वतःविषयी ठेवलेली आठवण होय; सुट्या कागदांची पेटी ही तशी ठरवून ठेवलेली आठवण नव्हे. ज्या अभ्यासकाने केवळ नकलवह्या वाचल्या त्याला राज्याच्या हक्कांसाठी केंद्रीय सत्तेशी भांडणारा बाणेदार गव्हर्नर दिसतो. पेट्या उघडणाऱ्याला त्याच गव्हर्नरसमोर उभी असलेली रांग दिसते.

या दोन वर्गांना जोडणारा दुवा म्हणजे पत्रांच्या पाठीवरील शेरे. आलेले पत्र घडी करून त्याच्या पाठीवर पाठवणाऱ्याचे नाव, तारीख व विषय नोंदवला जाई. कित्येकदा व्हॅन्स स्वतः तेथे काय उत्तर द्यावे हे एक-दोन ओळींत लिहीत. जेथे उत्तराची प्रत उपलब्ध नाही तेथे हा शेराच उत्तराचे काम करतो. सरकारी कार्यालयात वावरलेल्या कोणालाही ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. मात्र शेरा म्हणजे कृती नव्हे. 'उत्तर द्यावे' असे लिहिलेल्या पत्राला उत्तर गेलेच असेल असे गृहीत धरण्याची चूक टाळणे आवश्यक आहे.

सैनिकपत्नींची पत्रे

या संग्रहातील सर्वाधिक मोलाचा भाग स्त्रियांच्या पत्रांचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. नोव्हेंबर १८६२ मध्ये, भरतीची वयोमर्यादा वाढल्यानंतर, रँडॉल्फ काउंटीतील एक स्त्री गव्हर्नरला लिहिते, की आपल्या नवऱ्याला वगळावे, कारण तो गेल्यास घर चालवणारे कोणी उरत नाही. अशा पत्रांचा एक साचा हळूहळू तयार झालेला दिसतो. लिहिणारी प्रथम आपली क्षुद्रता कबूल करते, मग आपण सैनिकाची बायको असल्याचे सांगते. नवऱ्याची कंपनी व पलटण यांचा क्रमांक देते. मुलांची संख्या आणि वये येतात. गावातील मक्याचा भाव येतो. कोणत्या शेजाऱ्याकडे धान्य असून तो विकत नाही, कोण दारू गाळण्यासाठी मका वापरतो, हेही येते. शेवटी विनंती : नवऱ्याला पेरणीपुरते घरी पाठवा, मीठ द्या, भाव ठरवून द्या.

हा साचा म्हणजे केवळ लाचारी नव्हे. 'सैनिकाची बायको' हे बिरुद येथे हक्काच्या भाषेत वापरलेले आहे. राज्याने माझा माणूस नेला, म्हणून राज्य माझे देणे लागते, असा तो युक्तिवाद आहे. या स्त्रियांना मताधिकार नव्हता. विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व बहुतांशी पतीच्या नावाखाली झाकलेले होते. नेहमीच्या काळात राज्याशी त्यांचा संबंध पतीमार्फत येई. पती युद्धावर गेल्यामुळे हा मध्यस्थ नाहीसा झाला आणि त्या थेट गव्हर्नरशी बोलू लागल्या. व्हिक्टोरिया बायनम यांनी १९९२ मध्ये व स्टेफनी मॅककरी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा पत्रांचा सविस्तर उपयोग केला आहे. गरीब गोऱ्या सैनिकपत्नी या काळात एक राजकीय शक्ती म्हणून पुढे आल्या, असे मॅककरी यांचे प्रतिपादन आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी मदतनिधीची तरतूद केली, दारू गाळण्यावर निर्बंध घातले, काउंटीनिहाय मीठवाटपाची व्यवस्था उभी केली. ही धोरणे कोणाच्या रेट्यामुळे आली या प्रश्नाचे उत्तर शोधताना आवक पत्रांच्या पेट्या वगळून चालत नाही.

सर्वच पत्रे विनंतीच्या सुरात नाहीत. फेब्रुवारी १८६३ मध्ये ब्लेडन काउंटीतून आलेल्या एका पत्रावर कोणा एकाचे नाव नाही. सही 'रेग्युलेटर' या सामूहिक नावाने आहे. आमची मुले, भाऊ आणि नवरे बड्या लोकांच्या गुलामांसाठी लढत आहेत. आम्हाला परवडेल त्या भावाने धान्य मिळाले नाही तर आम्ही कोठारांतून ते घेऊ व आड येणाऱ्याची गय करणार नाही, असा त्याचा आशय आहे. 'रेग्युलेटर' हे नाव सहज सुचलेले नव्हे. १७६० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच प्रदेशातील शेतकऱ्यांनी ब्रिटिश वसाहतीच्या अधिकाऱ्यांच्या करवसुलीविरुद्ध याच नावाने उठाव केला होता व १७७१ मध्ये अलामान्स येथील लढाईत तो मोडून काढण्यात आला होता. शुद्धलेखन न येणाऱ्या या लोकांना आपल्या इतिहासाचे भान चांगलेच होते. युद्ध कोणाच्या हितासाठी चालले आहे याविषयीही त्यांच्या मनात संदेह नव्हता. त्यांच्या आकलनाचे शब्द मात्र गुलामांविषयी कोणतीही सहानुभूती दाखवीत नाहीत.

सॅलिसबरी : एक घटना, दोन पत्रे

१८ मार्च १८६३ रोजी सॅलिसबरी या गावात चाळीस ते पन्नास सैनिकपत्नी एकत्र जमल्या. कुऱ्हाडी घेऊन त्या एकामागून एक व्यापाऱ्यांच्या दारात गेल्या. चढ्या भावाने विकण्यासाठी पीठ साठवून ठेवल्याचा त्यांचा आरोप होता आणि सरकार ज्या दराने खरेदी करते त्याच दराने ते आपल्याला मिळावे अशी त्यांची मागणी होती. काही ठिकाणी दार फोडण्याचा प्रयत्न झाला. अखेर पीठ, मीठ, काकवी आणि काही रोख रक्कम घेऊन त्या परतल्या. रिचमंड येथील सुप्रसिद्ध दंगलीच्या (२ एप्रिल १८६३) दोन आठवडे आधी हे घडले.

या घटनेविषयी दोन पत्रे व्हॅन्स यांच्या दप्तरात आहेत. पहिले त्याच दिवशीचे, मायकेल ब्राउन या व्यापाऱ्याचे. त्यात तक्रार आहे : मालमत्तेवर जमावाने हल्ला केला, कायद्याचे राज्य कोठे आहे? दुसरे तीन दिवसांनंतरचे, मेरी मूर या स्त्रीचे. त्यात घटनेचा इन्कार नाही. आम्ही हे केले, आणि का केले ते सांगते, असा त्याचा रोख आहे. आमची माणसे सैन्यात आहेत; आम्ही सरकारसाठी कपडे शिवतो त्याची मजुरी इतकी, आणि पिठाचा भाव इतका; योग्य किंमत द्यायला आम्ही तयार होतो, ती नाकारण्यात आली. मूर यांनी हिशेब मांडला आहे, क्षमा मागितलेली नाही. उलट पुढे असा प्रसंग येऊ नये यासाठी गव्हर्नरने भाव ठरवून द्यावा, असे त्या सुचवतात.

दोन्ही पत्रे एकाच पेटीत, काही दिवसांच्या अंतराने लावलेली आहेत. कालक्रमाने लावलेल्या दप्तराचा हा मोठा गुण आहे. विषयवार मांडणी केली असती तर ब्राउन यांचे पत्र 'कायदा व सुव्यवस्था' या शीर्षकाखाली आणि मूर यांचे 'मदत' किंवा 'किरकोळ अर्ज' या शीर्षकाखाली गेले असते, आणि वादी-प्रतिवादी एकमेकांपासून कायमचे दुरावले असते. स्थानिक वृत्तपत्र 'कॅरोलायना वॉचमन'ने या प्रकाराला 'स्त्रियांची धाड' असे म्हटले; परंतु दोष मात्र सैनिकांच्या कुटुंबांची काळजी न घेणाऱ्या काउंटीच्या आयुक्तांना दिला. ज्यांच्याविरुद्ध फौजदारी होऊ शकली असती अशा स्त्रियांपैकी एकीने राज्याच्या प्रमुखाला स्वतःच्या नावानिशी पत्र लिहावे, हा आत्मविश्वास कोठून आला असेल, याचा विचार वाचकाने अवश्य करावा.

शेल्टन लॉरेल आणि तेरा नावांची यादी

जानेवारी १८६३ मध्ये मॅडिसन काउंटीतील मार्शल या गावावर डोंगरी भागातील काही लोकांनी धाड घातली. मीठ हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते. हा भाग संघराज्याला निष्ठावंत राहिलेल्या कुटुंबांचा होता आणि त्यांना मिठाचे वाटप नाकारले जात होते. प्रत्युत्तर म्हणून चौसष्टाव्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीची तुकडी शेल्टन लॉरेल खोऱ्यात शिरली. माहिती काढण्यासाठी स्त्रियांचा छळ करण्यात आला. पकडलेल्या तेरा जणांना, खटला न चालवता, लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथ यांच्या हुकमाने गोळ्या घालण्यात आल्या.

व्हॅन्स यांनी सरकारी वकील ऑगस्टस मेरिमन यांना चौकशी करावयास सांगितले. मेरिमन यांनी फेब्रुवारीत पाठवलेला अहवाल गव्हर्नरच्या दप्तरातील सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या कागदांपैकी एक आहे. त्यात मारल्या गेलेल्यांची नावे आहेत आणि जेथे समजली तेथे वयेही : कोणी छप्पन्न वर्षांचा म्हातारा, कोणी सतरा, कोणी चौदा, आणि डेव्हिड शेल्टन, वय तेरा. मारल्या गेलेल्या तेरांपैकी बहुधा आठ जण मार्शलच्या धाडीत नव्हतेच, असेही मेरिमन कळवतात. व्हॅन्स यांनी युद्धमंत्र्यांकडे कठोर शब्दांत कारवाईची मागणी केली. कीथ यांना सैन्यातून बाहेर पडू देण्यात आले. युद्धानंतर त्यांना अटक झाली, पण १८६९ मध्ये ते तुरुंगातून निसटले आणि त्यांना शिक्षा कधीच झाली नाही.

न्याय झाला नाही, परंतु यादी राहिली. फिलिप पालुडन यांनी १९८१ मध्ये या हत्याकांडावर लिहिलेल्या ग्रंथाला मेरिमन यांच्या अहवालाचा भक्कम आधार आहे. येथे व्हॅन्स यांना त्यांचे श्रेय द्यावयास हवे. आपल्याच बाजूच्या सैन्याने केलेल्या कृत्याची चौकशी त्यांनी लेखी मागवली. लेखी मागवली म्हणूनच ती दप्तरात आली.

मुद्रित आवृत्त्या आणि त्यांची निवड

अभिलेखागारातील पेट्यांपर्यंत फार थोडे वाचक पोहोचतात. बहुतेकांना ही कागदपत्रे मुद्रित रूपात भेटतात, आणि मुद्रण म्हणजे पुन्हा एकदा निवड. युद्धाचे अधिकृत अभिलेख १८८० ते १९०१ या काळात वॉशिंग्टन येथून १२८ ग्रंथांत प्रसिद्ध झाले. लष्करी हालचालींशी संबंधित कागद छापावयाचे, हा त्यांचा निकष होता. त्यामुळे मेरिमन यांच्या अहवालाला त्यात स्थान मिळाले. मक्याच्या भावाविषयी लिहिणाऱ्या बायकांच्या पत्रांना तसे मिळण्याचे कारणच नव्हते. पुढील दोन पिढ्यांतील इतिहासलेखन प्रामुख्याने या ग्रंथांवर उभे राहिले. भूक ही लष्करी घटना मानली गेली नाही, याचा परिणाम भुकेच्या इतिहासावर झाला.

राज्य पातळीवर नॉर्थ कॅरोलायनाने १९०३ मध्ये ऐतिहासिक आयोग स्थापन केला. त्याचे पहिले सचिव आर. डी. डब्ल्यू. कॉनर हे पुढे १९३४ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय अभिलेखपाल झाले. व्हॅन्स यांच्या निवडक कागदपत्रांचा पहिला खंड फ्रंटिस जॉन्स्टन यांच्या संपादनाखाली १९६३ मध्ये निघाला. त्यात १८४३ ते १८६२ हा काळ येतो. दुसरा खंड जो मोबली यांनी १९९५ मध्ये संपादित केला आणि त्याला केवळ १८६३ हे एक वर्ष पुरले. १८६४-६५ चा तिसरा खंड २०१३ मध्ये आला. पहिल्या खंडात एकोणीस वर्षे आणि दुसऱ्यात एक, या प्रमाणावरूनच १८६३ साली गव्हर्नरच्या कार्यालयात कागदांची आवक किती वाढली होती याची कल्पना येते. संग्रहाची सूक्ष्मपट आवृत्ती १९८७ मध्ये उपलब्ध झाली होती. निवडीच्या पलीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना तिचा उपयोग झाला.

मूळ कागदांचे टिकणे हीदेखील गृहीत धरण्याची गोष्ट नाही. एप्रिल १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या फौजा रॅलेमध्ये शिरल्या. त्या धामधुमीत एका सैनिकाने राज्याच्या इमारतीतून अमेरिकन संविधानाच्या नागरिक हक्कांच्या सनदेची, नॉर्थ कॅरोलायनाला १७८९ मध्ये मिळालेली अधिकृत प्रत उचलून ओहायोला नेली. पुढच्या वर्षी ती पाच डॉलरना विकली गेली आणि २००३ मध्ये फेडरल तपास यंत्रणेने फिलाडेल्फियात सापळा रचून ती ताब्यात घेईपर्यंत खासगी हातांतच राहिली. सनदेची चोरी निदान कळली, कारण तिचे मोल सर्वांना ठाऊक होते. गरीब बाईचे पत्र गहाळ झाले असते तर त्याची उणीव कोणाच्या लक्षात आली असती?

जे लिहू शकत नव्हते

या दप्तराचे कौतुक करताना त्याच्या सर्वांत मोठ्या मौनाकडे दुर्लक्ष होता कामा नये. राज्याच्या लोकसंख्येचा एक तृतीयांश भाग त्यात जवळजवळ पत्रलेखक म्हणून येतच नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने १८३० च्या अधिवेशनात गुलामांना लिहिण्या-वाचण्यास शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. म्हणजे दप्तरातील हे मौन आपोआप निर्माण झालेले नाही. ते कायदा करून निर्माण केलेले आहे. गुलाम माणसे या कागदांत येतात ती कर्म म्हणून, कर्ता म्हणून नव्हे. विल्मिंग्टनच्या संरक्षणासाठी तटबंदी बांधायला मजूर हवेत म्हणून त्यांची मागणी होते. मालक तक्रार करतात, की आपली 'मालमत्ता' वेळेवर परत आली नाही, किंवा आजारी होऊन आली. कोणी पळून संघराज्याच्या फौजांकडे गेल्याचा उल्लेख येतो. या उल्लेखांतून काळजीपूर्वक काही माहिती काढता येते. आवाज मात्र ऐकू येत नाही. सैनिकपत्नींच्या पत्रांच्या आधारे 'जनतेचा इतिहास' लिहिणाऱ्यांनी ही जनता कोणती, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करणे म्हणूनच गरजेचे ठरते.

हे मौन पुढच्या पेट्यांत तुटते. युद्ध संपताच, १३ मे १८६५ रोजी, म्हणजे आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, व्हॅन्स यांना स्टेट्सव्हिल येथे अटक झाली. काही आठवडे ते वॉशिंग्टनच्या तुरुंगात होते. १८६४ च्या निवडणुकीत त्यांनी ज्यांचा पराभव केला होता ते वृत्तपत्रकार विल्यम होल्डन १८६८ मध्ये नव्या राज्यघटनेखाली गव्हर्नर झाले. या वेळी कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदान केले होते. होल्डन यांच्या दप्तरात कृष्णवर्णीय नागरिकांची पत्रे आढळतात, आणि त्यांचा विषय बहुधा एकच आहे : कू क्लक्स क्लॅनचा हिंसाचार. फेब्रुवारी १८७० मध्ये अलामान्स काउंटीत वायट आउटलॉ या कृष्णवर्णीय नेत्याला न्यायालयासमोरील झाडावर फासावर लटकवण्यात आले. मे महिन्यात कॅसवेल काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीतच रिपब्लिकन सिनेटर जॉन स्टीफन्स यांचा खून झाला. होल्डन यांनी या दोन काउंट्यांत सैन्य पाठवले. विरोधकांच्या हाती गेलेल्या विधिमंडळाने त्यांच्यावर महाभियोग चालवला आणि मार्च १८७१ मध्ये त्यांना पदावरून दूर केले. महाभियोगाने पदच्युत झालेले ते अमेरिकेतील पहिले गव्हर्नर होत. २०११ मध्ये राज्याच्या सिनेटने त्यांना मरणोत्तर क्षमा दिली.

१८६३ ची आणि १८६९-७० ची पत्रे एकापाठोपाठ वाचली असता त्यांतील साम्य नजरेत भरते. तोच नम्र आरंभ, तेच नाव-गाव, अन्यायाचे तपशील, संरक्षणाची मागणी. गव्हर्नर हा आपले ऐकण्यास बांधलेला आहे हा विश्वासही तोच. फरक एवढाच, की सैनिकपत्नींना कुऱ्हाड हाती घेऊनही सही करता आली. कृष्णवर्णीय नागरिकाला केवळ सही केल्यामुळे जिवाची भीती होती.

१८७७ मध्ये व्हॅन्स पुन्हा गव्हर्नर झाले आणि १८७९ मध्ये सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेले. या दुसऱ्या कारकीर्दीतील एक मोठा प्रकल्प म्हणजे त्यांच्या जन्मभूमीकडे, पश्चिमेच्या डोंगरांतून जाणारा लोहमार्ग. त्यावर राज्याच्या तुरुंगातील कैदी राबत होते व त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. मार्च १८७९ मध्ये स्वनानोआ बोगदा आरपार झाल्याची तार अभियंत्याने व्हॅन्स यांना पाठवली. ती पुढे अनेक ग्रंथांत उद्धृत झाली. बोगदा खणणाऱ्यांची पत्रे त्या दप्तरात नाहीत. अ‍ॅशव्हिल येथे १८९८ मध्ये पूर्ण झालेला व्हॅन्स यांचा दगडी स्मारकस्तंभ उतरवण्याचे काम २०२१ मध्ये सुरू झाले, आणि त्या वेळच्या सार्वजनिक वादात या कैद्यांचा उल्लेख वारंवार झाला. त्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना आता गव्हर्नरच्या पेट्यांऐवजी तुरुंगाच्या नोंदवह्यांकडे वळावे लागत आहे, जेथे नाव, वय, काउंटी, गुन्हा आणि शिक्षेची मुदत यांचे रकाने आहेत.